मोटारीचे ब्रेक पॅड कसे निवडावेत?

(मंडळाच्या वर्धापनदिनी सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



आजच्या भाषणाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा दोघी-तिघींनी मला हसतच विचारले, "अहो, आपल्या मंडळात ब्रेकचे काय काम?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर आधी देते. आपल्यापैकी कित्येक जणी आज स्वतः गाडी चालवतात. मुलांना शाळेत पोचवणे, सासूबाईंना दवाखान्यात नेणे, सुट्टीत चार माणसे घेऊन घाट उतरणे ही कामे आता आपल्या हातात आली आहेत. आपण तांदूळ तळहातावर घेऊन पाहतो, साडीचा पदर उलटून पाहतो, सोने तर दहा वेळा पारखतो. पण ज्या वस्तूवर घरच्या सर्वांचे प्राण अवलंबून असतात ती वस्तू मात्र गॅरेजवाला बसवील ती आणि सांगेल त्या किमतीला, असा आपला व्यवहार चालतो. हे बदलावे एवढाच माझ्या बोलण्याचा हेतू आहे.

मी इंजिनियर नव्हे. मोटारीच्या सुट्या भागांचे आमचे दुकान आहे आणि गेली बावीस वर्षे मी तेथे गल्ल्यावर बसते. गिऱ्हाइकांनी आणलेले झिजके पॅड पाहून आणि मिस्त्री मंडळींना विचारून जे समजले तेच आपणांस सांगणार आहे.

प्रथम एक जुनी गोष्ट सांगते. जर्मनीत कार्ल बेन्झ यांनी मोटार तयार केली हे आपण वाचलेले असते. पण त्या मोटारीतून लांबचा प्रवास पहिल्यांदा केला तो त्यांच्या पत्नीने, बर्था बेन्झ यांनी. १८८८ सालच्या ऑगस्टमध्ये आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्याला न सांगता, त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर होते. त्या गाडीच्या ब्रेकला लाकडी ठोकळे होते आणि उतारावर ते झिजू लागले. तेव्हा बाईंनी वाटेतल्या गावच्या चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना तेथूनच निघाली असे म्हणतात. तेव्हा ब्रेकचे अस्तर हा बायकांचा विषय नाही असे कोणी म्हटले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा.

आता आजच्या गाडीकडे येऊ. पुढच्या चाकाच्या आत एक लोखंडी चकती चाकाबरोबर फिरत असते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असतो. पायाने ब्रेक दाबला की ब्रेक ऑइलच्या दाबाने हे दोन पॅड चकतीला चिमट्यासारखे धरतात आणि चाक थांबते. पॅडची पाठ पोलादी पत्र्याची असते आणि तिच्यावर घासणाऱ्या मसाल्याचा थर बसवलेला असतो. हा मसाला झिजण्यासाठीच असतो. पुष्कळ लहान गाड्यांना मागे डिस्क नसून ड्रम असतो व त्यात लायनर असतात. आज मी पॅडविषयीच बोलणार आहे, कारण ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येतो आणि थांबवण्याचे मोठे काम पुढच्या पॅडनाच करावे लागते.

हे काम किती मोठे, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या हिशेबाने सांगते. माणसांसकट हजार किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असता थांबवली, तर जी उष्णता निर्माण होते तिच्यावर सुमारे तीन कप चहाचे पाणी उकळेल. वेग ८० असला तर ती उष्णता जवळजवळ पावणेदोन पट होते. आणि खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना तीच गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. तो सगळा भार केवळ ब्रेकवर टाकला, तर निर्माण होणाऱ्या उष्णतेने पंधरा लिटरची भरलेली कळशी उकळेल! म्हणूनच घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच्या आसपासच्या खालच्या गिअरमध्ये उतरावा, म्हणजे बराचसा भार इंजिन उचलते. हलक्या प्रतीचा पॅड सपाट रस्त्यावर, सावकाश चालवताना, चांगल्या पॅडसारखाच वाटतो. त्याचा खरा गुण तापल्यावर कळतो. मसाला फार तापला की त्याची पकड सुटते. पाय पुरा दाबलेला असतो आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. दुकानात स्वस्त वाटलेली वस्तू घाटात किती महाग पडते, हे निराळे सांगायला नको.

पॅड बदलण्याची वेळ आली हे कसे ओळखावे? नव्या पॅडचा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. तो तीन मिलिमीटरवर आला की बदलण्याची तयारी करावी. बहुतेक पॅडना एक लहानशी पत्र्याची जीभ असते. मसाला संपत आला की ती चकतीला लागून चीं चीं असा बारीक आवाज करते. हा इशारा समजावा. त्यापुढे जाऊन खरखर, करकर असा आवाज येऊ लागला तर पोलाद पोलादावर घासत आहे असे समजून गाडी तशीच पुढे न नेता दुरुस्तीस द्यावी. आमच्या ओळखीच्या एका शिक्षिकाबाईंना अशा आवाजाबद्दल "धूळ बसली आहे ताई, जाईल" असे एका गॅरेजात सांगण्यात आले. त्यांनी चाक काढून दाखवण्याचा आग्रह धरला. एका पॅडचा मसाला पार संपला होता आणि चकतीवर नांगरल्यासारख्या रेघा उठल्या होत्या. त्याच संध्याकाळी त्या मुलांना घेऊन घाटातून जाणार होत्या. त्यांच्याजवळ यंत्रविद्या नव्हती. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, एवढा एकच निश्चय होता.

आता निवडीकडे वळू. मसाल्याचे मुख्य प्रकार तीन. पहिला सेंद्रिय म्हणून ओळखला जातो. तो तंतू, रबर, राळ यांचा बनलेला, आवाजाला कमी आणि चकतीला सौम्य असतो, पण लवकर झिजतो व फार उष्णता सोसत नाही. दुसरा अर्धधातूचा. त्यात लोखंड, पोलाद, तांबे अशा धातूंचा मोठा भाग असतो. तो उष्णता चांगली सोसतो, पण थोडा आवाज करतो, काळी धूळ टाकतो आणि चकतीही अधिक झिजवतो. तिसरा सिरॅमिक. तो शांत, कमी धुळीचा आणि टिकाऊ, पण किमतीने चढा. यांत सर्वांत उत्तम कोणता, असे मला नेहमी विचारतात. माझे उत्तर असे की, तुमच्या गाडीच्या कारखानदाराने ज्या प्रकारचा पॅड मुळात बसवला तोच प्रकार तुम्हाला योग्य. शर्यतीच्या गाडीचा महागडा पॅड तर गरम झाल्याखेरीज नीट धरतच नाही. भाजी आणायला जाणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग?

मात्र एक गोष्ट मुळीच स्वीकारू नये, ती म्हणजे ॲस्बेस्टॉस. पूर्वी ब्रेकच्या मसाल्यात ते सर्रास असे. त्याची धूळ फुप्फुसात गेल्याने कर्करोग होतो हे आता सिद्ध झाले आहे आणि युरोपीय संघाने २००५ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली आहे. पेटीवर 'ॲस्बेस्टॉस-विरहित' असे लिहिलेले पाहूनच पॅड घ्यावा. पॅड कोणताही असो, चाकातली धूळ फुंकून उडवू देऊ नये आणि मुलांना जवळ उभे करू नये. गॅरेजात काम करणारा पोरगाही कोणाचे तरी लेकरूच असते, त्यालाही तेवढे सांगावे.

बाजारात एकाच गाडीचे पॅड तीन भावांत मिळतात. पहिला गाडीच्या कंपनीच्या पेटीतला. दुसरा, गाडीच्या कंपनीला ब्रेक पुरवणाऱ्या कारखान्याने स्वतःच्या नावाने विकलेला. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या ब्रेक बहुधा दुसऱ्यांकडून घेतात. उदाहरणार्थ, चेन्नईची ब्रेक्स इंडिया ही कंपनी १९६२ साली निघाली व ती गाड्यांच्या कारखान्यांना ब्रेक पुरवते. मी कोणाची जाहिरात करीत नाही, पण अशा दुसऱ्या प्रकारच्या मालात पैसा वाचतो आणि गुणही राखला जातो. तिसरा माल म्हणजे नाव-गाव नसलेला, ज्याला बाजारात 'लोकल' म्हणतात. त्याच्या वाटेस जाऊ नये. आणि या तिघांखेरीज एक चौथा असतो, तो पहिल्याचा वेष घेतलेला 'डुप्लिकेट'.

तो ओळखण्यासाठी पेटी हातात घ्या. बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, बनवल्याचा महिना व वर्ष, कमाल किंमत हे सर्व छापणे २०११ च्या नियमांप्रमाणे आवश्यक आहे. अक्षरे पुसट, नावाच्या स्पेलिंगात फरक, सील उघडलेले, अशी पेटी परत करावी. पेटीवरचा पार्ट नंबर आणि पॅडच्या पाठीवर कोरलेला नंबर जुळतो का, आणि तो आपल्याच मॉडेलचा व त्याच सालचा आहे का, हे पाहावे. चारही पॅड एकसारखे असावेत. मसाल्याला चीर, कडेला टवका किंवा पाठीला गंज नसावा. काही पॅडवर वर्तुळातले इंग्रजी 'ई' अक्षर व 'नव्वद आर' अशी खूण असते. तिचा अर्थ असा की, संयुक्त राष्ट्रांच्या ९० क्रमांकाच्या नियमाप्रमाणे त्या पॅडची मूळ पॅडशी तुलना करून परीक्षा झालेली आहे. काहींवर 'एफ एफ' किंवा 'एफ ई' अशी जोडअक्षरे असतात. पहिले अक्षर थंड असतानाची पकड सांगते आणि दुसरे तापल्यावरची. 'ई'पेक्षा 'एफ'ची पकड अधिक, 'जी'ची त्याहून अधिक. दुसरे अक्षर पहिल्यापेक्षा खालचे असले तर तापल्यावर पकड कमी होते असे समजावे. ही अक्षरे केवळ पकड सांगतात. मसाला किती टिकेल ते त्यांवरून कळत नाही.

चांगला पॅड आणूनही तो नीट बसवला नाही तर पैसा पाण्यात जातो. म्हणून मिस्त्रींना पाच गोष्टी गोडीने सांगा. पॅड एकाच चाकाचे न बदलता समोरच्या दोन्ही चाकांचे, म्हणजे चारही, बदलावेत. कॅलिपरच्या पिना साफ करून त्यांना योग्य ते ग्रीस लावावे, पण ग्रीसचा थेंबही मसाल्यावर किंवा चकतीवर पडू नये. चकतीची जाडी मोजून घ्यावी. कमीत कमी किती असावी ते बहुधा चकतीवरच कोरलेले असते. जुने पॅड आपल्या हाती द्यावेत. आतला व बाहेरचा पॅड कमी-अधिक झिजलेला दिसला तर पिना किंवा पिस्टन अडकतो आहे असे ओळखावे. आणि शेवटचे, पण फार महत्त्वाचे, गाडी हलवण्यापूर्वी ब्रेक घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबून पाहावा. नवे पॅड बसवल्यावर पहिला दाब पोकळ जातो. ते न करता गाडी बाहेर काढली तर समोरच्या भिंतीवर जायची.

नवे पॅड पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर चकतीशी जुळत असतात. त्या काळात बेताने ब्रेक लावावा, लगेच भरल्या गाडीने घाटात जाऊ नये. बिल मात्र जपून ठेवा, आणि त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि तेथे हे बिलच उपयोगी पडते.

भगिनींनो, यात अवघड असे काहीच नाही. जी बाई दुधातले पाणी ओळखते तिला पेटीवरचा नंबर वाचणे कठीण नाही. "ताई, तुम्हांला त्यातले काय कळणार?" असे कोणी म्हटले तर भांडू नये. "कळत नाही म्हणूनच दाखवा," असे शांतपणे म्हणावे आणि पाहून घ्यावे. असे दहा जणींनी विचारले की अकरावीला दुकानदार आपण होऊन पेटी उघडून दाखवतो, हा माझा गल्ल्यावरचा अनुभव आहे. कार्यवाह वहिनींची संमती असेल तर येत्या महिन्यात एका रविवारी सकाळी मी जुने-नवे पॅड घेऊन मंडळात येईन. ज्यांना हातात घेऊन पाहायचे असतील त्यांनी जरूर यावे, आणि घरच्या पुरुषमंडळींनाही आणावे.