विज्ञान शिकवणाऱ्या गुरुजींचे शिक्षण
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या पोरांच्या विज्ञानाच्या वह्या कधी उघडून पाहिल्यात काय? आकृती सुबक, निरीक्षण फळ्यावरून उतरवलेले, अनुमान आधीच तयार. भिंग आणि परीक्षानळ्या कपाटात, कपाटाला कुलूप. एकट्या गुरुजींना दोष देऊन चालायचं नाही. त्यांच्याही हातात कुणी भिंग दिलेले नसते.

रिंगफ्रेमवर तुटलेला धागा सांधायला आम्ही व्याख्यान ऐकून शिकलो नाही, जुन्या कामगाराशेजारी उभे राहून शिकलो. हाताने राबणारा खालचा आणि डोक्याने काम करणारा वरचा, ही विभागणी आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसली. ती त्या कपाटातही बसलेली आहे.

मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात (आता नर्मदापुरम) १९७२ साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ शाळांत, सहावी ते आठवीसाठी वेगळी वाट धरली. उन्हाळी सुट्टीत गुरुजींचे तीन आठवड्यांचे शिबिर भरे. कित्येक गुरुजी स्वतः विज्ञान शिकलेले नव्हते. ते टोळ्या करून बसत आणि मुलांनी करायचे तेच प्रयोग आधी स्वतः करीत. फूल उलगडून पाहायचे, सेल-बल्ब जोडायचा, चार टोळ्यांची चार उत्तरे आली तर का आली यावर भांडायचे. विद्यापीठांतले प्राध्यापक शेजारी बसत. शाळा सुरू झाल्यावर दरमहा बैठक, तिथे अडचणी मांडायच्या. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरे छापलेली नव्हती! परीक्षा पुस्तक उघडे ठेवून, शिवाय प्रयोगाची वेगळी. परीक्षाच अशी, मग घोकंपट्टी करून घेण्यात गुरुजींनाही फायदा नाही. आमच्या मते खरी मेख इथेच आहे.

१९७८ मध्ये हे काम जिल्हाभर गेले. त्याच सुमारास अरविंद गुप्ता या इंजिनिअरने तिथे सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगकाड्या जोडून आकार बनवले. त्रिकोण दाबला तरी कलत नाही, चौकोन लगेच कलतो. छपराची कैची त्रिकोणी का, हे पोराला बोटांनीच कळते. खर्च किती? चहाच्या कपाइतका.

२००२ मध्ये सरकारने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षांचे काम, एका आदेशाने!

तरी व्हॉल्व्ह ट्यूब बाजारात मिळते. पुढच्या रविवारी शाळेतल्या गुरुजी-बाईंना विहारात बोलावू. जाब विचारायला नव्हे, पोरांबरोबर सतरंजीवर बसायला. सामानाची वर्गणी आम्ही गिरणीतली मंडळी काढतो. चहा महिला मंडळाने करावा, ही विनंती.