नाव बदला, मग चालेल

(तरुणांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'कला आणि दुखावलेल्या भावना'. भावना दुखावण्याची कारणं आपल्या देशात इतकी आहेत की सगळी मोजायची म्हटली तर रात्र पुरणार नाही. म्हणून मी एकच घेतो. गोष्टीत किंवा सिनेमात समलिंगी माणूस दिसला की लोक काय म्हणतात, आणि त्या बोलण्यातून आपल्याला काय कळतं.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्याकडे तक्रार आली की तक्रार करणारा किती चिडला आहे, ते आम्ही नंतर बघतो. त्याला नेमकं काय बदलून हवं आहे, ते आधी बघतो. खरी अडचण बहुतेक वेळा तिथेच सापडते. आज तीच सवय वापरून तीन तक्रारी तुमच्यासमोर ठेवतो.

पहिली तक्रार आपल्या घरातली. इस्मत चुगताई यांची 'लिहाफ' ही कथा १९४२ मध्ये उर्दू मासिकात छापून आली. नवाबाच्या हवेलीत एकटी पडलेली बेगमजान आणि तिची मालिश करणारी रब्बो, यांची ती गोष्ट. एक लहान मुलगी ती सांगते. तिला जे दिसतं ते पुरतं कळत नाही, आणि तेवढंच ती सांगते. दोन वर्षांनी इस्मतआपांना लाहोरच्या कोर्टाचं समन्स आलं. आरोप अश्लीलतेचा. सआदत हसन मंटोही 'बू' कथेसाठी त्याच सुमाराला त्याच कोर्टात उभे होते. इस्मतआपांनी आत्मकथनात या खटल्याची हकिकत लिहिली आहे. साक्षीदाराला कथेतला अश्लील शब्द दाखवायला सांगितलं, तर दाखवता येईना. शेवटी बोट ठेवलं गेलं 'आशिक' या शब्दावर. शब्दात तर काही वाईट नव्हतं. मग मुद्दा निघाला की शरीफ घरच्या मुलींच्या बाबतीत असं लिहिणं बरोबर नाही. खटला टिकला नाही. पण तक्रार काय होती ते लक्षात ठेवा. असं काही असलं तरी ते शरीफ घरात नसतं, आणि शरीफ घरातल्या बाईनं तर ते लिहूच नये.

दुसरी तक्रार १९९८ ची, मुंबईची. दीपा मेहतांचा 'फायर' सेन्सॉर बोर्डानं एकही दृश्य न कापता पास केला होता. दिल्लीतल्या एका मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबातल्या दोन जावा, राधा आणि सीता. नवऱ्यांच्या दुर्लक्षानं एकट्या पडलेल्या त्या दोघी एकमेकींच्या प्रेमात पडतात. शबाना आझमी राधा झाल्या, नंदिता दास सीता. डिसेंबरच्या सुरुवातीला शिवसैनिकांनी मुंबईत आणि मग दिल्लीत थिएटरांची तोडफोड केली. सरकारनं पास झालेला सिनेमा पुन्हा सेन्सॉरकडे पाठवला. दिलीपकुमार, जावेद अख्तर, महेश भट यांनी दीपा मेहतांबरोबर सुप्रीम कोर्टात दाद मागितली, तेव्हा दिलीपसाहेबांच्या बंगल्यासमोर अंडरवेअरवर निदर्शनं झाली. बोर्डानं मात्र सिनेमा पुन्हा पास केला, आणि १९९९ च्या फेब्रुवारीत तो परत थिएटरात लागला.

आता या तक्रारीतली मागणी बघा. बाळासाहेब ठाकरे यांनी त्या दिवसांत म्हटल्याचं छापून आलं होतं की, या दोन बायकांची नावं मुसलमान ठेवली तर आपला विरोध नाही. म्हणजे प्रेम तेच, दृश्यं तीच, संवाद तेच. फक्त नावं बदला, मग चालेल. त्याआधीच हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झालेली होती.

ही गोष्ट ऐकली की आपल्याला राग येतो, आणि तो यायलाच हवा. स्वतःच्या अंगणात नको असलेलं सगळं शेजाऱ्याच्या अंगणात टाकायचं, आणि तो शेजारी म्हणजे आपण. पण तो राग थोडा वेळ बाजूला ठेवा. कारण तिसऱ्या तक्रारीत आपणही आहोत.

तिसरी गोष्ट एका मराठी माणसाची आहे. प्रा. रामचंद्र सिरस मूळचे नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवायचे. कवी होते. 'पायाखालची हिरवळ' हा त्यांचा कवितासंग्रह. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन कॅम्पसवरच्या त्यांच्या राहत्या घरात घुसले आणि एका रिक्षाचालकासोबत असताना त्यांचं चित्रीकरण केलं. विद्यापीठानं लगेच गैरवर्तनाचा ठपका ठेवून सिरस यांनाच निलंबित केलं, क्वार्टर सोडायला लावलं. ते अलाहाबाद हायकोर्टात गेले. १ एप्रिलला कोर्टानं निलंबनाला स्थगिती दिली आणि खासगी आयुष्याचा त्यांचा हक्क मान्य केला. ७ एप्रिलला भाड्याच्या घरात त्यांचा मृतदेह सापडला. निवृत्तीला फार दिवस उरले नव्हते.

यावर हंसल मेहतांनी 'अलीगढ' सिनेमा केला, २६ फेब्रुवारी २०१६ ला तो प्रदर्शित झाला. मनोज वाजपेयींनी सिरस साकारले. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. अंगावर येणारं त्यात फारसं काही नाही. एक वयस्क, संकोची प्राध्यापक रात्री एकटा बसून लताबाईंचं गाणं ऐकतो, पेला हातात घेऊन स्वतःशीच गुणगुणतो. आपल्या मनातलं इंग्रजीतल्या तीन अक्षरांच्या शब्दात कसं मावेल, असं तो पत्रकाराला विचारतो. भाड्याच्या घरातूनही त्याला बाहेर काढतात.

हा सिनेमा अलीगढ शहरात लागू शकला नाही. एका मुस्लिम संघटनेनं विरोध केला. शहराच्या महापौर भाजपच्या होत्या, त्यांनीही विरोध केला. एरवी ज्यांचं कशावरच जमत नाही, त्यांचं इथे जमलं. मागणी काय? सिनेमाचं नाव 'अलीगढ' आहे, त्यानं शहराची, विद्यापीठाची बदनामी होते. म्हणजे पुन्हा तेच. नाव बदला, मग चालेल.

तीनही तक्रारी शेजारी शेजारी ठेवून बघा. शरीफ घराचं नाव नको. हिंदू नाव नको. अलीगढचं नाव नको. अशी माणसं जगात असतात हे तिघांनाही ठाऊक आहे. फक्त त्यांचा पत्ता आपल्या गल्लीतला नको.

आणखी एक गोष्ट. 'कल हो ना हो' मधली कांताबेन आठवते? २००३ साली अख्खं थिएटर हसलं. 'दोस्ताना' मध्ये फ्लॅट मिळावा म्हणून दोन हिरो समलिंगी असल्याचं नाटक करतात, तिथेही आपण अम्मी-अब्बांसोबत बसून हसलो. कोणाची संस्कृती बुडाली नाही. सिरस विनोदी असते, बायकी चालले असते, तर कोणाला काही वाटलं नसतं. हसू आलं की चालतं. त्या माणसाला मन आहे, त्याला कविता आवडते, तो आपल्या विभागात शिकवतो, असं दाखवलं की चालत नाही. विजय तेंडुलकरांनी १९८१ मध्ये 'मित्राची गोष्ट' मराठी रंगभूमीवर आणली. त्यातली मित्रा कोणाला हसवायला आलेली नव्हती, आणि म्हणूनच ते नाटक पचायला जड गेलं.

आता तुमच्या मनात जो प्रश्न आहे, त्यावर येतो. "भाई, मजहब काय सांगतो?" मी आलिम नाही आणि इथे फतवा द्यायला आलेलो नाही. बहुसंख्य उलेमा समलिंगी संबंधांना गुनाह मानतात, हे तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. वेगळा अर्थ लावणारे अभ्यासकही आहेत. तो वाद आज इथे मिटणार नाही. पण एक गोष्ट वादाची नाही. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत दुसऱ्यांवर पाळत ठेवायला, त्यांची उणीदुणी शोधायला आणि पाठीमागे निंदा करायला मनाई आहे. तजस्सुस आणि गीबत हे शब्द आपण लहानपणापासून जुम्याच्या बयानात ऐकतो. परवानगीशिवाय कोणाच्या घरात शिरू नका, हे सूरह नूरमध्ये आहे. मग सिरससरांच्या प्रकरणात कॅमेरा घेऊन घरात शिरले त्यांच्याविरुद्ध किती जण रस्त्यावर उतरले? सिनेमाच्या नावानं बदनामी होते म्हणणाऱ्यांना त्या मोडलेल्या उंबरठ्यानं बदनामी होते असं का वाटलं नाही? धर्माचं नाव घेऊन बोलायचं तर सगळाच धर्म घ्यावा लागेल, सोयीचा तेवढा नाही.

"आमच्यात असलं काही नव्हतं, हे पश्चिमेचं फॅड आहे," असंही म्हणतात. इतिहासाचे प्राध्यापक सलीम किदवई यांनी रूथ वनिता यांच्यासोबत २००० साली एक मोठा ग्रंथ संपादित केला. भारतात समलिंगी प्रेमाविषयी शतकानुशतकं काय लिहिलं गेलं, ते त्यात आहे. फारसी आणि उर्दूतला भाग पाहिला तरी हे फॅड विमानानं आलं नाही, हे कळतं. उर्दूच्या वर्गात आपण ज्या शायरांना मान देतो, त्यांच्यापैकी काहींच्या शेरांत माशूक मुलगा आहे, हे लपवून ठेवावं लागतं.

शेवटचा मुद्दा नागरिक म्हणून. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ पुन्हा लागू केलं. ते टिकावं म्हणून कोर्टात गेलेल्यांमध्ये ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड होतं, ख्रिश्चन संघटना होत्या, हिंदू ज्योतिषीही होते. मग २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्याच पायावर ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ मधून प्रौढांचे राजीखुशीचे संबंध वगळले गेले. आता विचार करा. तुमच्या फ्रिजमध्ये कोणतं मांस आहे, तुम्ही कोणाशी निकाह केला, तुमच्या फोनमध्ये काय आहे, हे बघायला कोणी दारात आलं, तर तुम्ही कोणता हक्क सांगणार? हाच. सिरससरांना हायकोर्टानं दिला तोच. तो हक्क त्यांना नाकारायचा आणि स्वतःसाठी मागायचा, हे जमणार नाही.

पुण्यामुंबईत भाड्यानं घर शोधताना "नाव काय?" हा प्रश्न तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल. नाव सांगितलं की फ्लॅट कालच गेलेला असतो. नावावरून माणूस नको होणं म्हणजे काय, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. मग आपल्या घरात, आपल्या मोहल्ल्यात कोणी तसं असेल, तर त्याला आपण तेच ऐकवायचं का?

आणि असेल, हे धरून चाला. या हॉलमध्येही असू शकेल. चाचा टीव्हीसमोर काय बोलले, खालांनी फॅमिली ग्रुपवर कोणता जोक टाकला, त्यावर कोणी हसण्याचे इमोजी दिले, हे तो किंवा ती रोज मोजत असते. सिनेमातल्या माणसाविषयी आपण जे बोलतो, ते सिनेमातल्या माणसाला ऐकू जात नाही. शेजारी बसलेल्याला जातं. त्यावरून तो ठरवतो की या घरात तोंड उघडायचं की नाही.

मोठं काही मागत नाही. कोणाच्या खासगी आयुष्याची क्लिप आली तर पुढे पाठवू नका, ती तिथेच थांबवा. ग्रुपवर जोक आला तर हसू नका, आणि जमलं तर "हे बरोबर नाही" एवढं लिहा. चाचांना उद्धटपणे बोलायची गरज नाही, अदबीनं सांगता येतं. आणि उद्या एखाद्या सिनेमाविरुद्ध, पुस्तकाविरुद्ध सही मागायला कोणी आलं, तर पेन हातात घेण्याआधी विचारा, "तुम्हाला नेमकं काय बदलून हवंय?" उत्तर जर "नाव" असेल, तर सही करू नका.

आता तुमचे प्रश्न घेऊ, अवघड असतील ते आधी.