अविभाज्य कोण? कणादांचा प्रश्न आणि आजचे उत्तर

(सावंगी (मेघे), जि. वर्धा येथे राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त शब्दांकन)



मी कला शाखेचा पदवीधर, व्यवसायाने पत्रकार. वैद्यकीय शिक्षणाचे केंद्र असलेल्या सावंगीत पदार्थविज्ञानावर बोलण्याचे धाडस करतो आहे, त्याला माझी एक जुनी चूक कारणीभूत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका लेखात मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते की, डाल्टनच्या कितीतरी आधी कणाद मुनींनी अणू शोधला. त्यावर एका शाळकरी मुलीचे पोस्टकार्ड आले. त्यात एकच प्रश्न होता, "त्यांनी तो शोधला की मानला?" मला उत्तर देता आले नाही.

हा जिल्हा कापसाचा. रुईचा पेळू, पेळूचे सूत, हे इथे कोणाला सांगायला नको. त्या सुतातला एक तंतू घ्यावा आणि त्याचे तुकडे करीत जावे. कुठे तरी थांबावे लागेल की नाही? वैशेषिक परंपरा म्हणते, थांबावेच लागेल. विभागणीला अंत नसेल, तर मेरू पर्वताचे अवयव अनंत आणि मोहरीच्या दाण्याचेही अनंत. मग लहान-मोठे ठरवायचे कशावरून? म्हणून निरवयव परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक. आणि कवडशात तरंगणारा धूलिकण म्हणजे ते त्र्यणुक.

परंतु हे मत आपल्याकडेही सर्वांनी मान्य केले नव्हते. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी विचारले, परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या; मग तो निरवयव कसा? आद्य शंकराचार्यांनीही ब्रह्मसूत्रभाष्यात परमाणुवादाचे खंडन केले. म्हणजे आपला वारसा एका उत्तराचा नाही. तो वादाचा आहे.

डाल्टनने १८०८ साली मांडलेला अणू रासायनिक संयोगांतील वजनांच्या हिशेबातून आला होता. तोही अविभाज्यच मानला गेला. १८९७ मध्ये थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला आणि ही समजूत मोडली. १९११ मध्ये रदरफोर्डने अणुकेंद्र दाखविले. पुढे त्यात प्रोटॉन व न्यूट्रॉन सापडले. १९६४ मध्ये क्वार्कची कल्पना मांडली गेली आणि १९६८ पासूनच्या प्रयोगांत प्रोटॉनच्या आत बिंदुवत कण असल्याचा पुरावा मिळाला.

आज इलेक्ट्रॉन आणि क्वार्क मूलकण मानले जातात. प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतक्या सूक्ष्म अंतरापर्यंत शोध घेऊनही त्यांना अंतर्गत रचना असल्याचे आढळलेले नाही. कर्करोगावरील किरणोपचाराच्या यंत्रात ज्याला वेग देऊन क्ष-किरण निर्माण करतात, तो हाच इलेक्ट्रॉन.

मात्र 'वीट' हा शब्द येथे जपून वापरला पाहिजे. विटांचे वजन मिळवले की भिंतीचे वजन येते. प्रोटॉनचे तसे नाही. त्यातील क्वार्कांच्या स्वतःच्या वस्तुमानाची बेरीज जेमतेम एक टक्का भरते. उरलेले वस्तुमान त्यांना बांधणाऱ्या बलाच्या आणि त्यांच्या गतीच्या ऊर्जेचे. शिवाय क्वार्क सुटा काढता येत नाही. ओढून वेगळा करू गेल्यास त्या ऊर्जेतून नवे क्वार्क जन्म घेतात. तोडणे म्हणजे लहान तुकडा मिळणे, ही आपली व्याख्याच तेथे थांबते.

या क्षेत्रात एका मराठी विदुषीचे कार्य जगन्मान्य आहे. डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ चा, पुण्याचा. हुजूरपागेत आणि सर परशुरामभाऊ महाविद्यालयात त्या शिकल्या. प्रकाशाचा कण, फोटॉन, हाही मूलकण. पण अत्युच्च ऊर्जेच्या टकरींत तो जणू आत क्वार्क असल्यासारखा वागतो. या वर्तनाचे परिणाम त्यांनी जर्मन सहकारी मानुएल ड्रेस यांच्यासह १९९१ च्या सुमारास मांडले. भावी कणत्वरकांच्या आराखड्यात ते विचारात घ्यावे लागले. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ज्याला आपण निरवयव म्हणतो, तोही किती ऊर्जेने पाहतो त्याप्रमाणे निराळा दिसतो, हे त्यांच्या कार्यातून मला उमगले.

मित्रहो, 'हे सारे आमच्याकडे होतेच' असे म्हणण्याचा मोह मलाही होतो. पण तसे म्हटले की शोधण्यासारखे काही उरत नाही, आणि आपल्या घरातल्या मुलामुलींना प्रयोगशाळेत जाण्याचे कारणही उरत नाही. कणादांचा अभिमान अवश्य बाळगावा. तो त्यांनी विचारलेल्या प्रश्नासाठी आणि दिलेल्या युक्तिवादासाठी.

त्या पोस्टकार्डावर पत्ता नव्हता. म्हणून उत्तर आज येथे जाहीरपणे देतो. बाळ, कणादांनी परमाणू मानला, तर्काच्या बळावर मानला; शोधला नाही. आणि आज आपण इलेक्ट्रॉनला अविभाज्य म्हणतो, तेही पुढचा प्रयोग होईपर्यंतच.