केंद्रकाच्या हद्दीवरील प्रथिने



 अधिवेशनाच्या अध्यक्षाने शास्त्राच्या यच्चयावत शाखांचा आढावा घ्यावा असा आपल्याकडे प्रघात आहे. परंतु ज्या विषयाच्या सहवासात माझी उमेदीची वर्षे गेली त्या एकाच विषयासंबंधी तपशिलाने बोलावे, आणि त्यातील जी गोष्ट आपल्या रुग्णालयांत व प्रयोगशाळांत अद्याप पुरेशी रुजलेली नाही ती आपल्यापुढे आग्रहाने मांडावी, असे मी ठरविले आहे. तो विषय म्हणजे मानवी पेशीच्या केंद्रकाभोवतीच्या पटलात वास करणारी प्रथिने, त्यांचे रचनाखंड आणि त्या खंडांची कामगिरी.

रॉबर्ट ब्राउन याने 1831 साली आमरवर्गीय वनस्पतींच्या पेशींत केंद्रकाचे अस्तित्व नोंदवून त्याला नाव दिले, तरी त्या केंद्रकाच्या सीमेचे खरे स्वरूप कळावयास शतकाहून अधिक काळ जावा लागला. 1950 साली कॅलन आणि टॉमलिन यांनी उभयचर प्राण्यांच्या अंडपेशीतील केंद्रकाचे आवरण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा त्यात दोन थर असून त्यांपैकी एक छिद्रमय आहे असे त्यांना दिसले. आज आपण जाणतो की बाहेरचे पटल आंतर्द्रव्य-जालिकेशी अखंड जोडलेले असते, आतले पटल गुणसूत्रांना लागून असते, दोहोंमध्ये काही दशक नॅनोमीटर रुंदीची पोकळी असते, आणि जेथे दोन्ही पटले एकमेकांस मिळतात तेथे सुमारे तीस प्रकारच्या प्रथिनांच्या शेकडो प्रतींनी बांधलेली छिद्रसंकुले उभी असतात. आतल्या पटलाच्या खाली लॅमिन नावाच्या तंतुमय प्रथिनांचे अस्तर असते. लॅमिन हे काटेकोरपणे पाहता पटलात रुतलेले प्रथिन नव्हे. पण पटलातील प्रथिनांचा कारभार त्याच्यावाचून समजत नाही, म्हणून त्याचा समावेश मी येथे करणार आहे.

प्रथिन ही अमिनो आम्लांची एक सलग साखळी असली, तरी तिचे काही भाग आपापली घडी स्वतंत्रपणे घालतात, आणि अशी घडी पडलेला खंड दुसऱ्या प्रथिनातही जवळजवळ जसाच्या तसा आढळतो. यालाच आपण प्रयोगशाळेत डोमेन म्हणतो. लॅप2, इमेरिन आणि मॅन1 या तीन प्रथिनांच्या आद्याक्षरांवरून ज्याला लेम हे नाव मिळाले, तो सुमारे चाळीस अमिनो आम्लांचा खंड याचे उत्तम उदाहरण होय. दोन प्रमुख सर्पिले आणि त्यांना सांधणारा फास, एवढाच त्याचा संसार. पण त्याचा एक पृष्ठभाग बॅफ नावाच्या अवघ्या 89 अमिनो आम्लांच्या प्रथिनाला धरतो, बॅफची जोडी डीएनएला धरते, आणि अशा रीतीने गुणसूत्रे केंद्रकाच्या सीमेशी बांधली जातात. पेशीविभाजनाच्या वेळी हे सारे आवरण विखुरते. विभाजन संपताना नव्या केंद्रकाभोवती ते पुन्हा उभारण्याच्या कामात बॅफ आणि लेम यांच्या या बांधणीचा मोठा वाटा असतो. ज्या बॅफचा शोध रेट्रोव्हायरसाच्या डीएनएला स्वतःतच गुंतण्यापासून रोखणारा पेशीघटक म्हणून लागला, त्याचे घरचे काम हे निघावे, यात संशोधनाच्या वाटचालीचे एक मनोज्ञ दर्शन घडते.

इमेरिनची हकीकत मी किंचित विस्ताराने सांगतो. ज्या 1966 साली मुंबईत मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली, त्याच वर्षी ॲलन एमरी आणि फ्रिट्झ ड्रायफस यांनी व्हर्जिनियातील एका कुटुंबातील स्नायुक्षयाचे वर्णन प्रसिद्ध केले. या विकारात कोपर, मान आणि टाचेवरची शीर लहानपणीच आखडते, दंड व पायांचे स्नायू सावकाश क्षीण होतात, आणि हृदयातील विद्युत्संवाहन बिघडून अकस्मात मृत्यूचे भय उत्पन्न होते. इटलीत डॅनिएला टोनिओलो यांच्या गटाने 1994 साली एक्स गुणसूत्रावरील त्याचे जनुक शोधून काढले, आणि त्यातून निर्माण होणारे 254 अमिनो आम्लांचे इमेरिन हे केंद्रकाच्या आतल्या पटलातले प्रथिन ठरले. स्नायूचा रोग म्हटल्यावर ज्या विद्वानांची दृष्टी आकुंचनाच्या यंत्रणेकडे अथवा पेशीच्या बाह्यपटलाकडे जात असे, त्यांना ती केंद्रकाच्या सीमेकडे वळवावी लागली. बहुतेक रुग्णांत इमेरिन मुळी तयारच होत नाही. पण ज्या थोड्या रुग्णांत एखादेच अमिनो आम्ल बदललेले असते, ते अभ्यासकाला अधिक शिकवितात. लेम खंडातील काही बदलांत स्नायूंचा विकार नगण्य असतो आणि हृदयाच्या अलिंदांतील बिघाड हाच मुख्य विकार होऊन बसतो. रोगाचे नाव एक, जनुक एक, आणि तरीही खंड बदलताच रोगाचे रूप पालटते.

लॅमिन बी रिसेप्टर, म्हणजे एलबीआर, या प्रथिनात तर दोन सर्वस्वी भिन्न व्यवसाय एकत्र नांदतात. त्याच्या आरंभीच्या टोकाला ट्यूडर जातीचे डोमेन असून तो भाग केंद्रकात राहतो व क्रोमॅटिनशी संबंध ठेवतो. उरलेला, पटल वारंवार ओलांडणारा भाग हा स्टेरॉल रिडक्टेज विकर असून कोलेस्टेरॉलच्या निर्मितीतील एक पायरी तो पार पाडतो. या जनुकाची एक प्रत सदोष असेल, तर रक्ताच्या लेपपट्टीवर न्यूट्रोफिल पेशी पाहणाऱ्याला विलक्षण दृश्य दिसते: एरवी तीन ते पाच खंडांत विभागलेले केंद्रक येथे चष्म्याच्या दोन काचांप्रमाणे दोनच गोल खंडांचे असते, मधला धागा बारीक असतो, आणि क्रोमॅटिन दाट, गुठळ्यागुठळ्यांचे दिसते. पेल्गर या डच वैद्याने हे 1928 साली नोंदविले आणि ते आनुवंशिक असल्याचे पुढे ह्यूएट याने दाखविले. अशी व्यक्ती सहसा निरोगी असते. मात्र पेशी अपरिपक्व समजून तीव्र जंतुसंसर्गाचे निदान होण्याचा धोका असतो. याच जनुकाच्या दोन्ही प्रती विशिष्ट रीतीने नष्ट झाल्या, तर अस्थींच्या घोर विकृतीने गर्भ गर्भाशयातच दगावतो, आणि त्याचे कारण प्रामुख्याने विकराच्या भागात आहे, असे सांगणारा पुरावा आता भक्कम होत चालला आहे.

आता दोन पटलांमधल्या पोकळीकडे वळू. आतल्या पटलातील सन प्रथिनांचे अखेरचे डोमेन या पोकळीत असते, आणि बाहेरच्या पटलातील नेस्प्रिन प्रथिनांची कॅश नावाची आखूड शेपटी वरून त्याच पोकळीत उतरते. मॅसॅच्युसेट्स येथील थॉमस श्वार्ट्झ यांच्या प्रयोगशाळेने 2012 साली या मिलनाची स्फटिकरचना प्रसिद्ध केली, ती मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवितो, कारण इतकी सुबक बांधणी फार थोड्या ठिकाणी पाहावयास मिळते. सनचे तीन रेणू तीन पदरी पिळाच्या देठावर एकत्र येतात; शेजारशेजारच्या दोन रेणूंमध्ये जी खोबण पडते तीत एकेक कॅश शेपटी बसते; सनचा एक लवचीक पट्टा तिच्यावर झाकणासारखा येतो; आणि पुढे गंधकाच्या दोन अणूंचा सहसंयुज बंध ही पकड पक्की करतो. शेपटीचे टोक मोकळे नसेल तर बांधणीच होत नाही, इतकी ही जागा काटेकोर आहे. नेस्प्रिनचा उरलेला देह पेशीद्रवात पसरलेला असतो. नेस्प्रिन-1चे सर्वांत मोठे रूप आठ हजारांहून अधिक अमिनो आम्लांचे असून स्पेक्ट्रिन जातीच्या आवर्तनांची लांबलचक रांग मागे ठेवून ते आपल्या दुसऱ्या टोकाने ॲक्टिनला धरते. पेशीबाहेरचा ताण थेट लॅमिनच्या अस्तरापर्यंत पोहोचतो तो याच मार्गाने. नेस्प्रिन-4 नसलेल्या उंदरांत अंतर्कर्णातील बाह्य केशपेशींची केंद्रके आपली तळची जागा सोडून वर सरकतात, त्या पेशी मरतात, आणि प्राणी बहिरा होतो. मनुष्यातही या जनुकाचा दोष बहिरेपणास कारण होतो.

लॅमिन ए-मध्ये मधला लांब दंडाकृती भाग तंतू बनवितो, तर शेवटाकडे इम्युनोग्लोब्युलिनसारखी घडी असलेले डोमेन असते. त्या डोमेनातील 453व्या स्थानचे आर्जिनिन घडीच्या स्थैर्याला आवश्यक असते. तेथे ट्रिप्टोफॅन आले की घडी डळमळते आणि एमरी-ड्रायफस स्नायुक्षय होतो. त्याच डोमेनाच्या पृष्ठभागावरील 482व्या स्थानी तोच बदल झाला, तर घडी शाबूत राहते, स्नायूही बहुधा ठीक राहतात, पण हातापायांवरची चरबी वितळून चेहऱ्यावर व मानेवर साचते आणि मधुमेह मागे लागतो. अकाली वार्धक्याच्या प्रोजेरियात, 2003 साली उघड झाल्याप्रमाणे, एकाच अक्षराच्या बदलामुळे शेपटीतील 50 अमिनो आम्ले गळून पडतात, त्यांतच छाटणीची जागा जाते, आणि फार्नेसिल हा स्निग्ध अंश कायम चिकटून राहिलेले लॅमिन पटलाशी अडकून बसते. तो अंश जोडणारे विकर रोखणारे लोनाफार्निब हे औषध अमेरिकेत 2020 साली मंजूर झाले. रचनेच्या ज्ञानातून रुग्णाच्या हाती औषध पडल्याचा याहून स्पष्ट दाखला या क्षेत्रात नाही.

रचनेच्या या वैभवामुळे एक अन्यायही घडतो, आणि तो माझ्या मनाला सतत टोचतो. ज्या भागांना ठरावीक घडी नाही त्यांना आपण रिकामी जागा समजून पुढे जातो. इमेरिनचा लेम खंड आणि शेवटाजवळचा पटलात रुतलेला भाग यांच्यामधली बहुतांश साखळी अशीच अव्यवस्थित आहे. परंतु लॅमिन तिलाच येऊन मिळते, आणि तीतील 183व्या स्थानचे प्रोलिन बदलले तरी रोग होतो. संगणकाने रचनांचे भाकीत करण्याच्या कलेला 2024 साली रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला आणि तो यथायोग्यच होता. पण अशा भागांपुढे त्या भाकितांचा विश्वास खाली येतो, आणि तेथे प्रयोगाखेरीज गती नाही. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्रात वीणा पारनाईक यांनी लॅमिनवर दीर्घकाळ निष्ठेने काम केले, पुण्याच्या आयसरमध्येही लॅमिन आणि गुणसूत्रांच्या मांडणीवर संशोधन होते. तेव्हा या कामासाठी सर्वस्वी परक्या मुलखाकडे पाहण्याचे आपणांस कारण नाही.

म्हणून माझी आपणांस विनंती आहे. जनुकीय तपासणीचा अहवाल देणाऱ्यांनी जनुकाचे नाव लिहून थांबू नये. बदल कोणत्या स्थानी आहे, तो कोणत्या डोमेनात अथवा कोणत्या अव्यवस्थित भागात पडतो, आणि तेथे कोण बांधले जाते, हे लिहावे. तरुण संशोधकांनी घडी नसलेल्या भागांचे काम दुय्यम मानू नये. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील वैद्यमित्रांनो, आखडलेले कोपर आणि ताठ मान घेऊन एखादा मुलगा आपल्या दवाखान्यात आला, तर त्याला केवळ अस्थिरोगतज्ज्ञाकडे धाडून मोकळे होऊ नका. त्याचा हृदयालेख काढा, तो निर्दोष आला तरी दरवर्षी काढा, आणि त्याच्या आईचा व बहिणींचाही काढा, कारण दोष वाहणाऱ्या स्त्रियांच्या हृदयालाही हा विकार गाठू शकतो.