खापर कुठे सापडले?



आमच्या एका विद्यार्थ्याने सहलीहून परतल्यावर माझ्या टेबलावर एक खापर आणून ठेवले. लाल, पातळ, वर काळ्या रंगाच्या तिरप्या रेघा. टिचकी मारली तर खणखणीत वाजले. मी विचारले, "कुठं सापडलं रे?" तो म्हणाला, "कुठल्यातरी नदीकाठी, सर." गावाचे नाव काही त्याला आठवेना.

अशी खापरे आपल्या म्हसळ्याकडे, कोकणपट्टीत मिळत नाहीत. त्यासाठी घाट चढून देशावर जावे लागते. संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली डॉ. सांकळिया व डॉ. देव यांनी उत्खनन केले, आणि या भांड्यांना त्या गावाचेच नाव पडले. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची ही भांडी; चाकावर घडवलेली, चांगली भाजलेली, काही तोटीची.

शिरूर तालुक्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे घरांच्या जमिनीखाली दोन-दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे पुरलेले आढळले. आत लहान मुलांची हाडे होती. आईबापांनी गेलेले मूल घरातच ठेवले होते! हे नुसत्या भांड्यावरून कळले नसते. ते कोठे आणि कसे ठेवले होते, त्यावरून कळले.

दूर दक्षिण अमेरिकेत, पेरूच्या किनाऱ्यावर, नाझ्का लोकांनी चाकाशिवाय, केवळ हाताने घडवून बहुरंगी सुरेख भांडी केली. आज ती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण त्यांतली पुष्कळशी चोरट्यांनी थडगी उकरून विकलेली. कोणाच्या थडग्यात कोणते भांडे होते, हे आता कोण सांगणार?

आपल्याकडेही जुन्या पांढरीच्या टेकाडांची माती खत म्हणून शेतात नेली जाते. पीक हवे, यात शेतकऱ्याची चूक नाही. मात्र खणताना रंगीत खापरे, राख, हाडे दिसली, तर कुदळ थांबवा आणि तहसील कचेरीला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा.

आणि गुरुजी, मुलांना एवढे शिकवा: खापर जागीच राहू द्यावे, गाव, शेत, खोली वहीत टिपून घ्यावी. माझ्या कपाटातल्या त्या खापराच्या चिठ्ठीवर ठिकाणाची जागा अजून कोरीच आहे.