सही करण्याआधी

श्रोतेहो, एका सरकारी कार्यालयात मी सतरा वर्षं जीपचालक होतो. जून २०२१ मध्ये मोटारसायकल घसरली आणि माझ्या उजव्या नडगीचं हाड मोडलं. गावातल्या एका खासगी रुग्णालयात प्लास्टर घातलं. त्याच रात्री पाय असह्य ठणकू लागला. सकाळी बोटं सुजून काळीनिळी पडली. माझी पत्नी चार वेळा सांगायला गेली. 'हाड मोडलंय, दुखणारच,' एवढंच उत्तर मिळालं. तिसऱ्या दिवशी मला जिल्ह्याच्या ठिकाणी हलवलं, तेव्हा उशीर झाला होता. घट्ट प्लास्टरखाली रक्तपुरवठा थांबून स्नायू मेले होते. पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चार महिन्यांनी कुबड्या घेऊन कार्यालयात गेलो. साहेबांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि एक टाईप केलेला कागद पुढे केला. तो स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज होता. 'आता गाडी कशी चालवणार तुम्ही? यातच तुमचं भलं आहे,' ते म्हणाले. मी पेन उघडलंही होतं. पत्नी म्हणाली, 'साहेब, घरी नेऊन वाचतो.' तिच्या त्या एका वाक्यानं माझी नोकरी वाचली.

वकील करायला पैसे नव्हते. कुणीतरी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाचं नाव सुचवलं. १९८७ च्या कायद्यानुसार अपंग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे मला तिथे गेल्यावर कळलं.

मी रागानं म्हटलं, 'डॉक्टरांवर पोलीस केस करायची आहे.' वकीलबाईंनी मला शांतपणे समजावलं. फौजदारी गुन्ह्यासाठी अत्यंत गंभीर हलगर्जीपणा दिसावा लागतो आणि त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं निष्पक्ष मत घ्यावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं आहे. शिवाय उपचार फसला म्हणजे डॉक्टर चुकलाच, असंही नसतं. भरपाईसाठी मात्र ग्राहक आयोगाचा रस्ता आहे. पैसे घेऊन केलेले उपचार ही ग्राहकसेवाच, हे १९९५ पासून ठरलेलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

'पण आधी केसपेपर आणा,' त्या म्हणाल्या. रुग्णानं मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावीत, असा नियम आहे. मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली. कागद आले. त्यात रात्री दोन वाजता परिचारिकेनं लिहिलं होतं : 'रुग्णाची तीव्र वेदनेची तक्रार.' त्यापुढे डॉक्टरांनी पाय तपासल्याची नोंद सकाळपर्यंत नव्हती. पत्नीनं दिनदर्शिकेच्या मागे त्या रात्रीच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. दोन्ही नोंदी जुळल्या.

बाईंनी एक जुना खटलाही सांगितला. १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला पुण्याला नेलं. तिथे पूर्ण भूल न देता, जोर लावून हाड बसवलं गेलं आणि तो त्याच दिवशी दगावला. वडील कोर्टात गेले. निकाल लागायला १९६८ साल उजाडलं. भरपाई तीन हजार रुपये. पण रुग्ण हाती घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरनं काळजी घेतलीच पाहिजे, हे त्या निकालात लिहिलं गेलं. आजही त्याचा आधार घेतात. पंधरा वर्षं झगडणाऱ्या त्या बापाचा आधार मलाही मिळाला.

नोकरीचा प्रश्न वेगळा होता. तो रुग्णालयाच्या तक्रारीत मिसळायचा नाही, हे बाईंनी बजावलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट म्हटलं आहे की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढता येत नाही, त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनावर दुसरं काम द्यायचं. तशी जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला सामावून घ्यायचं. आम्ही कलमाचा उल्लेख करून कार्यालयाला अर्ज दिला आणि एक प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांना पाठवली. पाच महिन्यांनी आदेश आला. आता मी त्याच पगारावर आवक-जावक टपाल पाहतो.

रुग्णालयाविरुद्धची तक्रार मात्र अजून चालू आहे. तारखा पडतात. तज्ज्ञांचं मत माझ्या बाजूनं येईलच, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या रात्री कुणी का पाहिलं नाही, या प्रश्नाचं उत्तर आता त्यांना लेखी द्यावं लागतं आहे.

श्रोतेहो, अशी वेळ कुणावरही येऊ नये. आलीच, तर प्रत्येक कागद जपा, अर्जाची पोच घ्या, मुदत चुकवू नका. आणि कुणी कितीही गोड बोलून कागद पुढे केला, तरी म्हणा, 'साहेब, घरी नेऊन वाचतो.'