नवी यंत्रे आणि आपली अक्षरे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मोबाईल आणि टॅबलेट या विषयावर बोलण्याचे निमंत्रण मंडळाने आम्हाला दिले, याचे काही वडीलधाऱ्या स्नेह्यांना नवल वाटले. अशा वेळी संतवाङ्मयावर किंवा शिवचरित्रावर बोलावे, असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु नव्या यंत्रांचा आम्हाला जुना छंद आहे. बाजारात काही नवे आले की ते हाताळून पाहिल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. मंडळातील तरुण सभासदांना हे ठाऊक असल्यामुळे त्यांनीच हा विषय सुचविला आणि आम्ही तो आनंदाने स्वीकारला. कारण महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबाच्या दृष्टीने या यंत्रांचा विचार व्हावा, असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

या यंत्रांचे वय तसे फारच थोडे आहे. आयफोन २००७ च्या जून महिन्यात अमेरिकेत विक्रीस आला. २००८ च्या जुलैत त्यासाठी ॲपचे दुकान उघडले, तेव्हा त्यात सुमारे पाचशे ॲप होती. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात पहिला अँड्रॉइड फोन आला आणि २०१० च्या एप्रिलमध्ये आयपॅड आला. इतक्या अल्प काळात ही यंत्रे आपल्या देवघरापर्यंत पोहोचली आहेत. आजही नवा फोन घ्यावयास गेलो तर विक्रेता कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजून दाखवितो, प्रोसेसरचा वेग सांगतो आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचेही गोडवे गातो. हे सारे ऐकून घ्यावे. तथापि आपल्यासारख्यांनी विचारावयाचा पहिला प्रश्न आमच्या मते निराळा आहे: या यंत्रावर मराठी कसे लिहिता येते?

हा प्रश्न आपल्यालाच का पडावा? पुण्यात किंवा नागपुरात वाढणारे मूल मराठी अक्षरे शोधावयास जात नाही. दुकानांच्या पाट्या, बसचे फलक, शाळेतील फळा, सगळीकडून ती त्याच्या डोळ्यांवर येऊन आदळतात. कोलकात्यात, बंगळुरात किंवा हैदराबादेत वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या भोवती दुसऱ्या लिपी असतात. आणि जेथे लिपी देवनागरी असते तेथे भाषा हिंदी असते. अशा घरांत मराठी बोलली जाते, पुष्कळदा उत्तम बोलली जाते. परंतु लिहिलेली मराठी मुलांच्या दृष्टीस पडावी अशा जागा दोनच उरतात. एक आपले मंडळ आणि दुसरी घरातल्या माणसांचा मोबाईल. मंडळाचे कार्यक्रम वर्षातून आठ-दहा. मोबाईल दिवसातून शंभर वेळा हातात येतो. त्या मोबाईलवर आजी-आजोबा, मावश्या, आत्या, भाचरे मिळून जो कुटुंबाचा गट असतो, त्यातील मराठी बहुतेक वेळा रोमन अक्षरांत असते. रोमन अक्षरांत ‘मला’, ‘माला’, ‘मळा’ आणि ‘माळा’ हे चारही शब्द एकच होऊन बसतात. संदर्भाने आपण अर्थ लावतो. ज्याने हे शब्द कधी लिहिलेले पाहिलेच नाहीत, त्या मुलाने तो कशाच्या आधारे लावावा?

ही सवय आळसाने लागली असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिला एके काळी सबळ कारण होते. साध्या एसेमेसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावत. देवनागरीत लिहू लागताच ही मर्यादा एकदम ७० वर येई. शिवाय काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची गणना स्वतंत्र होते. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण यंत्राच्या हिशेबी तेथे सहा चिन्हे आहेत. म्हणजे मराठीत खुशाली कळवावयाची तर एकाच्या जागी दोन-तीन संदेशांचे पैसे पडत. त्यातून पलीकडच्या फोनमध्ये देवनागरी नसली तर अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटत. अशा स्थितीत लोकांनी रोमन लिपीचा आश्रय घेतला, तो शहाणपणाचाच होता.

आज यांपैकी एकही अडचण शिल्लक नाही, हे आम्हाला आवर्जून सांगावयाचे आहे. इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशाला ७० चिन्हांची मर्यादा नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला १९९१ पासूनच स्थान आहे. त्यामुळे एका फोनवर लिहिलेला ‘क’ जगातील कोणत्याही फोनवर ‘क’च उमटतो. ‘ॲ’ हा स्वर मात्र त्या प्रणालीत २००८ साली आला. त्यापूर्वी ‘बँक’ नीट लिहिता येई, पण ‘ॲप’ लिहिताना ‘अ’वर चंद्र बसवून वेळ मारून न्यावी लागे. २०१७ साली गूगलने मराठी आवाज ऐकून लिहिण्याची सोय केली, तेव्हापासून ज्यांची बोटे थरथरतात त्या वृद्धांनाही मराठीत निरोप धाडता येऊ लागला. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनांवर सर्व २२ अनुसूचित भाषा वाचता याव्यात आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता यावे, असे शासकीय मानकही झालेले आहे. यंत्र आपल्यापुढे हात जोडून उभे आहे. आज्ञा करावयाची ती आपणच करीत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना. पुष्कळ घरांत ‘देवनागरी तर हवी’ म्हणून हिंदी कळफलक निवडला जातो. तो निवडू नये. सेटिंगमध्ये जाऊन भाषांच्या यादीतून मराठीच निवडावी. हिंदी कळफलकावर ‘ळ’ शोधावा लागतो आणि ‘ऱ’ सहसा हाती लागत नाही. मग ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातली वाट समुद्रात जाऊन पोहोचते. शिवाय हा कळफलक शब्द सुचवितो ते हिंदी. दिवसभर हिंदी शब्द सुचविणाऱ्या यंत्राशी वाद घालीत मराठी लिहिणे फार काळ कोणाकडून होणार नाही.

मराठी कळफलकावर लिहिण्याचे मार्ग तीन. रोमन अक्षरे दाबून मराठी शब्द उमटवावा, हा पहिला. मराठी अक्षरांच्या कळा दाबाव्यात, हा दुसरा. काचेवर बोटाने अक्षर गिरवावे आणि यंत्राने ते ओळखावे, हा तिसरा. मोठ्यांना पहिला सोयीचा वाटतो आणि त्यांनी तो खुशाल वापरावा. मुलांना मात्र दुसरा किंवा तिसरा शिकवावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहिल्या मार्गात अक्षर यंत्र लिहिते. मूल फक्त ते निवडते. बोटाने ‘ज्ञ’ गिरविणाऱ्या मुलाला तो ‘ज्ञ’ आयुष्यभर ओळखू येईल. दुसऱ्या मार्गातील ‘इन्स्क्रिप्ट’ ही मांडणी केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरविली. तिच्यात सर्व भारतीय लिपींसाठी एका उच्चाराची एकच कळ आहे. म्हणजे शाळेसाठी कन्नड किंवा बंगाली टंकन शिकणाऱ्या मुलाच्या बोटांना मराठीचा ‘क’ कोठे आहे हे निराळे शिकावे लागत नाही. परप्रांतात राहण्याचा असा लाभ क्वचितच पदरात पडतो.

आता टॅबलेटविषयी. टॅबलेट म्हणजे केवळ मोठा फोन, असे मानून अनेक जण त्याची उपेक्षा करतात. लिहिण्यासाठी तो अवजड पडतो, हे खरे. परंतु वाचनासाठी, विशेषतः साठी ओलांडलेल्या डोळ्यांसाठी, त्याच्यासारखे साधन नाही. त्याचा हिशेब सांगतो. आपली पुष्कळशी मराठी पुस्तके डेमी आकारात छापली जातात: साडेपाच इंच रुंद, साडेआठ इंच उंच. या पानाचा कर्ण दहा इंचांच्या आसपास भरतो. म्हणून दहा इंची टॅबलेटवर छापील पान जवळजवळ मूळ आकारात दिसते, तर फोनवर ते आक्रसून निम्म्यावर येते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके, बालभारतीची पाठ्यपुस्तके, मराठी विश्वकोश हे सारे आज विनामूल्य उपलब्ध आहे. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्द घालून पाहता येते. ज्या गावात मराठी पुस्तकांचे दुकान नाही, त्या गावात असा एक टॅबलेट म्हणजे एक कपाट होय. त्यासाठी महागडा घेण्याची गरज नाही. काच चांगली असावी आणि अक्षर मोठे करता यावे, एवढे पुरे.

यंत्र किती टिकेल, हे विचारावयास आपण विसरतो. फोन हातातून पडून फुटण्यापूर्वीच तो निकामी होण्याचा दुसरा मार्ग आहे: कंपनीने सुरक्षा-दुरुस्त्या पाठविणे बंद करणे. गूगलने २०२३ साली पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ साली गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या दुरुस्त्यांचे वचन दिले. स्वस्त फोनांना ही मुदत पुष्कळदा याहून बरीच कमी असते. ज्या फोनवरून बँकेचे व्यवहार करावयाचे, त्याची ही मुदत विकत घेण्यापूर्वी विचारून घ्यावी. दोन हजार रुपये वाचविले आणि दोन वर्षांत फोन बदलला, तर बचत कोणती झाली?

ॲपच्या बाबतीत आमचे मत काहीसे कंजूषपणाचे आहे. जेवढी लागतील तेवढीच ठेवावी. पंचांग दाखविणारे एखादे ॲप आपल्या नातेवाइकांचे दूरध्वनी क्रमांक वाचण्याची परवानगी मागते, तेव्हा एकादशी सांगण्यासाठी याला आमच्या मेव्हण्याचा क्रमांक कशास हवा, असा साधा प्रश्न मनात यावा. परवानगी नाकारावी. नाकारूनही ॲप चालत असेल तर ठीक. न चाललेच तर भिंतीवरचे कॅलेंडर कोठे गेले नाही.

शेवटी मंडळाला एक विनंती. पन्नास वर्षांत मंडळाने जे अंक काढले, जी निमंत्रणे छापली, त्यांपैकी जुना भाग कागदावर आहे आणि मधला भाग संगणकाच्या जुन्या फाइलींत. युनिकोडपूर्वीच्या अक्षरसंचांत जुळविलेला तो मजकूर आजच्या फोनवर उघडला तर निरर्थक चिन्हांची रांग दिसते. त्यातील अक्षरे नष्ट झालेली नाहीत. ती युनिकोडमध्ये उतरविता येतात. मात्र ती कोणत्या अक्षरसंचात आहेत हे सांगू शकणारे सभासद आज या सभागृहात बसलेले आहेत. आणखी वीस वर्षांनी कोणास विचारणार? हे काम तरुण सभासदांनी हाती घ्यावे. कागदी अंकांचे स्कॅनिंगही त्याबरोबरच उरकावे आणि त्याच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

घरोघरी करावयाचे काम याहून सोपे आहे. मराठी कळफलक बसविण्यास पाच मिनिटे लागतात. त्यानंतर पंधरा दिवस हात अडखळतो, वेग निम्मा होतो, पुन्हा रोमनकडे वळण्याचा मोह होतो. तेवढे पंधरा दिवस मोठ्यांनी सोसावे. मुले आपले संदेश वाचतात. आपण ज्या अक्षरांत लिहू, ती अक्षरे त्यांची होतील.

चहापानाच्या वेळी आम्ही सभागृहाच्या डाव्या दाराशी टेबल मांडून बसणार आहोत. ज्यांना कळफलक बसवून हवा असेल, त्यांनी फोन घेऊन यावे. आणि शक्यतो नातवंडांनाही बरोबर आणावे.